सुधाकर सरांचा ब्राऊन बेल्ट

आधी माफी मागतो. सुधाकर सरांवर लिहायचा मान खरं तर गावातल्या मोठ्या माणसांचा, आणि आमच्या गावात मोठी माणसं पुष्कळ आहेत. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पेपरच्या पुरवणीत छापण्यासारखं कसं लिहायचं हे विचारायला मला घरात कुणी नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं एवढं मलाही कळतं, आणि मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं चांगलं नाही... तरीही लिहितो आहे. सर जाऊन काही आठवडे झाले तरी चौकातला फलक अजून उतरलेला नाही आणि एसटीतून उतरलं की आधी तोच दिसतो.

फलकावर प्रशांतभाऊंचा फोटो सरांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. प्रशांतभाऊ म्हणजे आमच्याकडचे तरुण नेते. हात जोडून, मान किंचित वाकडी करून ते दुःखात उभे आहेत. सर जिवंत असताना ‘ओ ड्रायव्हर’ याशिवाय दुसऱ्या नावाने त्यांनी सरांना हाक मारलेली मी ऐकलेली नाही. आता खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘कराटेमहर्षी, ब्लॅक बेल्ट सुधाकर सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. शोकसभेत एकाने सांगितलं की सर जपानला जाऊन शिकून आले होते. सर पुण्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत. दुसऱ्या एकाने सांगितलं की त्यांनी शेकडो मुलांना पदकं मिळवून दिली. त्यांच्या हाताखाली एकाही मुलाला कधी पदक मिळालं नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण मी त्या मुलांत होतो. कुणीतरी कुठूनतरी एक नवाकोरा काळा पट्टा आणून फोटोवर हारासारखा घातला होता. सरांच्या पत्नी, मंदाकाकू, माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “हा पट्टा कोनाचा हाय गा?” मी म्हणालो, माहीत नाही काकू. त्या म्हणाल्या, “यायचा पट्टा तं तपकिरी होता. घरी खुटीले हाय.”

तर खरं एवढंच आहे. सर ब्राऊन बेल्ट होते, म्हणजे काळ्याच्या एक पायरी खाली. ब्लॅक बेल्टची परीक्षा त्यांनी दिली होती आणि शोकसभेच्या दिवशीही तिचा निकाल यायचा बाकी होता. ज्यांना हे माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही आणि ज्यांना माहीत नव्हतं ते बोलत सुटले. त्या सतरंजीवर बसून मला सगळ्यांची अशी किळस आली की चहाही घ्यावासा वाटला नाही. पण दुसऱ्यांबद्दल एवढं लिहिल्यावर हेही लिहायला हवं की मला सरही फारसे आवडत नव्हते. राग नव्हता, भीतीही नव्हती. मी त्यांना कमी लेखायचो, हाच शब्द बरोबर आहे. आणि माणसाला कमी लेखायचं कसं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

सर काळी-पिवळी, म्हणजे सवाऱ्यांची जीप चालवायचे, आमचं गाव ते मानोरा. तरुणपणी ते पुण्याला एका कंपनीत वॉचमन होते, तिथल्या एका संध्याकाळच्या क्लासात कराटे शिकले आणि ब्राऊन बेल्टपर्यंत पोचल्यावर कंपनी बंद पडली म्हणून गावी आले. त्यांच्या तोंडून मात्र ही गोष्ट वेगळी निघायची. “म्या सोडलं नाई,” ते म्हणायचे, “त्याईच्यापाशी शिकवायले काई उरलं नोतं.” जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल त्यांच्याकडे एक वाक्य तयार असायचं. एसटीचा ड्रायव्हर दिसला की, “याले स्टेअरिंग म्हनजे कासरा वाटते.” क्रिकेट खेळणारी मुलं दिसली की, “लाकूड घेऊन चेंडूमागं पयतेत, हा का खेळ झाला?” कबड्डी म्हणजे भित्र्यांचा खेळ, कारण सगळे मिळून एकाला धरतात. मास्तर कच्चे, तलाठी कच्चा, आमदार तर फारच कच्चा. गाडी भरायची वाट पाहत ते स्टँडवर बॉनेटला टेकून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर एकेक वाक्य फेकायचे. लोक हसायचे. ते आपल्या बोलण्याला हसतात असं सरांना वाटायचं. लोक खरं तर त्यांच्या ढगळ पांढऱ्या विजारीला हसायचे. सकाळचा क्लास आटोपून तशाच वेषात ते गाडीवर यायचे ना.

क्लास शाळेमागच्या मैदानावर भरायचा, पहाटे. आई-वडील ऊस तोडायला गेले की मी मोठ्या काकांकडे राहायचो आणि काकांच्या घरी पहाटे उठून करण्यासारखं काही नसायचं, म्हणून गेलो. आणखी काही थोर कारण नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काता म्हणजे चारी बाजूंनी माणसं आपल्यावर चालून आली आहेत असं समजून, ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचे वार आणि बचाव. वळणं ठरलेली, पावलं ठरलेली. जिथून सुरू केला तिथेच येऊन तो संपला पाहिजे. आणि तोच काता रोज करायचा, येत असला तरी रोज करायचा. आमच्या सरांनी तो शिकवायची स्वतःची रीत काढली होती. समोर उभं राहून शिकवलं की सरांचा उजवा हात मुलांना डावा दिसतो, आणि त्यात मुलांपेक्षा सरांचाच गोंधळ व्हायचा. म्हणून त्यांनी डावं-उजवं काढूनच टाकलं. मैदानाच्या एका बाजूला पाण्याची टाकी होती, दुसऱ्या बाजूला विजेची डीपी, तिसऱ्या बाजूला चिंच आणि चौथ्या बाजूला पिठाची गिरणी. “टाकीकडं तोंड!” सर ओरडायचे. “डीपीले अडवा! आता हाना! चिंचेकडं फिर बे, चिंचेकडं! गिरणीवर बुक्की!” गिरणीवाले नामदेवराव एकदा बाहेर येऊन म्हणाले, “अवो मास्तर, माह्या गिरणीनं काय घोडं मारलं तुमचं?” सर म्हणाले, “तुमच्या पिठात कोंडा असते.”

या रीतीचा त्यांना फार अभिमान होता. जपानी लोकांना जे जमलं नाही ते आपण केलं, असं ते खरोखर मानायचे. आई होळीच्या आसपास गावी परतली आणि तिने मला अंगणात काता करताना पाहिलं. “हे काय करून राह्यला बाप्पा? टाकीले काहून मारतं?” मी म्हणालो, टाकीला नाही, समोरच्या माणसाला. तिने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मानूस तं दिसून नाई राह्यला.” तेव्हा मला आईला काही कळत नाही असं वाटलं होतं.

मग वाशिमला जिल्ह्याची स्पर्धा झाली. तिघांनी मिळून एकाच वेळी करायच्या सांघिक कात्यात आमचं नाव होतं. सर आम्हाला काळी-पिवळीतून घेऊन गेले. हॉल मोठा होता, चारी बाजूंना सारख्या भिंती आणि सारखे पंखे. नाव पुकारलं, आम्ही मधोमध जाऊन उभे राहिलो... आणि टाकी नव्हती. मी आमचं गाव कुठल्या दिशेला राहिलं असेल याचा अंदाज बांधून तिकडे तोंड केलं, म्हणजे परीक्षकांकडे पाठ. माझ्या डावीकडचा मुलगा दाराला टाकी समजला. तिसऱ्याने सरांकडे पाहिलं. दोरीपलीकडून सर ओरडले, “टाकी पंख्याकडं समजा!” पंखे सगळीकडे होते. काता सुरू झाल्यावर आमच्यातले दोघे एकमेकांवर आदळले आणि तिसरा हॉलच्या कडेपर्यंत पोचला. लोक बाकांवर आडवे पडून हसत होते. एका परीक्षकाने माइकवरून विचारलं, “सर, मुलं रस्ता चुकली का?” सर दोरी ओलांडून आत आले आणि म्हणाले, “तुमच्या हॉलले टाकीच नाई, त्याले पोट्टे काय करतीन?”

परतताना गाडीत ते एका शब्दाने म्हणाले नाहीत की माझं चुकलं. उलट मंगरूळपीरपर्यंत परीक्षकांची, आयोजकांची, जिंकलेल्या मुलांची साल काढत होते. “हेच शहरातले पोट्टे आपल्या मैदानावर आनले असते तं डीपीले जाऊन चिकटले असते.” बाकीचे दोघे हसले. मला हसू आलं नाही. माणसं आपल्या मुलांना हसली आणि हा माणूस अजूनही टाकीचंच सांगतो आहे, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवसापासून माझ्या मनात ते लहान झाले ते झालेच. तरी मी क्लास सोडला नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पहाटे जाग यायची आणि पाय तिकडे वळायचे.

पुढे मी वाशिमला कॉलेजात आलो. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी पहिल्याच दिवशी काता करून दाखव म्हटलं आणि मी उभा राहून इकडेतिकडे पाहू लागलो. “काय शोधतोस?” त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते हसले, पण कुचकं हसले नाहीत. मग त्यांनी मला डावीकडून, उजवीकडून, शरीराला धरून काता शिकवला, आणि येत असलेली गोष्ट पुसून तीच पुन्हा शिकायला मला फार महिने लागले. तेवढे सगळे महिने मी रोज सकाळी होस्टेलच्या गच्चीवर सरांना नावं ठेवत होतो. सुटीत गावी गेलो की काळी-पिवळीत त्यांची भेट व्हायची. “काय बे बीए, झाला का साहेब?” ते आरशातून विचारायचे. माझं नावच त्यांनी बीए ठेवलं होतं. “नाही सर, अजून शिकतोय.” “शीक शीक. शिकून मानूस बेकार होते, न शिकून डायवर होते.” गाडीतली माणसं हसायची. मी खिडकीबाहेर पाहायचो.

दरम्यान मानोऱ्याला नवीन अकॅडमी निघाली. तिथला शिक्षक तरुण, ब्लॅक बेल्ट, इंग्रजी आकडे मोजणारा. खाली मॅट, भिंतीला आरसे, दर काही महिन्यांनी नवीन रंगाचा पट्टा आणि पालकांसोबत फोटो. मी एकदा पाहून आलो. मुलं स्पीकरवरच्या गाण्यावर काता करत होती. वळताना केस उडवत होती, वार करून क्षणभर थांबत होती, कारण आई समोर मोबाइल धरून उभी होती. सरांना मी कमी लेखत असलो तरी तो प्रकार पाहून मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या गावची मुलं तिकडे जाऊ लागली, आणि जायचं कशाने, तर सरांच्याच काळी-पिवळीने. पांढरे कडक कपडे घातलेली ती पोरं, सरांच्याच मैदानावरून उठलेली, मागच्या सीटवर बसायची आणि सर गाडी चालवायचे. त्या पोरांबद्दल मात्र ते एक वाक्यही बोलत नसत. मी एकदा त्या गाडीत होतो. सबंध रस्ता त्यांनी आरशात पाहिलं नाही.

मग शाळेत नवीन मुख्याध्यापक आले आणि त्यांनी सांगितलं की मैदान वापरायचं तर शिकवणारा ब्लॅक बेल्ट हवा, तसा नियम आहे. क्लासला तेव्हा उरलेली मुलं हातावर मोजण्याएवढीच होती. नियमाने तीही जाणार होती.

दिवाळीच्या सुटीत सर आमच्या घरी आले. आई-वडील निघायच्या तयारीत होते, अंगणात बोचकी बांधून पडली होती. सर बसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बीए, तुले डावा-उजवा येते ना?”

“येतो सर.”

“मंग मले शिकव. मोठा काता, ब्लॅक बेल्टचा. परीक्षेले बसून राह्यलो अकोल्याले.” आणि मी काही बोलायच्या आत, “कोनाले सांगशीन तं गाडीत बसू देनार नाई.”

त्यांचा आवाज खाली आला नव्हता, मान झुकली नव्हती. शिकायला आलेला माणूस असा उभा राहतो का, असं माझ्या मनात आलं. हो मात्र म्हणालो.

ते वाईट विद्यार्थी होते. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. पहाटे मैदानावर मी त्यांच्या मागे उभा राहून ‘डावीकडे’ म्हणायचो आणि त्यांची मान टाकीकडे जायची. “सर, टाकीकडे पाहू नका.” “मी टाकीकडं पाहून नाई राह्यलो. टाकी माह्याकडं पाहून राह्यली.” रोज मी त्यांना वेगळ्या बाजूला तोंड करून उभं करायचो आणि रोज ते अर्ध्यात थांबून मलाच बोलायचे. “तुमच्या कॉलेजनं दिशा बी बदलल्या काय?” पोट सुटलेलं, पट्ट्याचे दोरे निघालेले, वळताना तोल जायचा. पन्नाशीचा माणूस डाव्या-उजव्यात अडकलेला पाहून मला दया यायला हवी होती. आली नाही. एकदा मी सरळ म्हणालो, “सर, हे लहान मुलं एका आठवड्यात शिकतात.” ते घाम पुसत म्हणाले, “शिकतीन ना. लहान पोट्ट्याईले इसरायचं काई नसते.”

सुटीतले असे बरेच दिवस गेले. मग एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसलो होतो. गाडी गर्दीत अडकली होती. एका बाजूला भाजीच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला बैलगाडी, मागे उसाच्या रसाचा गाडा. मागून कुणीतरी ओरडलं, “क्लीनर साइड मोकळी हाय, घ्या मागं!” आणि सरांनी न पाहता, न थांबता, विजेसारखी गाडी मागे घेतली, वळवली, एका पाटीलाही न लागता बाहेर काढली. वर गाडीवानाला दोन शब्द सुनावले. मी पाहत राहिलो. जीपवाले आणि ट्रकवाले डावं-उजवं म्हणतच नाहीत. डावीकडची ती क्लीनर साइड, उजवीकडची ड्रायव्हर साइड, आणि गाडी कुठेही तोंड करून उभी असली तरी तिच्या साइडी बदलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी म्हणालो, “सर, आजपासून तुम्ही गाडी आहात.”

“मी गाडी?”

“हो. पहिला बचाव क्लीनर साइडला. मग सरळ जाऊन बुक्की. मग रिव्हर्स घेऊन ड्रायव्हर साइडला.”

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की आता मारतात की काय असं वाटलं. मग त्यांनी चिंचेकडे तोंड केलं, जिकडे त्यांनी आयुष्यात कधी काता सुरू केला नव्हता, आणि पहिलं वळण बरोबर घेतलं. दुसरंही घेतलं. पुढे चुकले, पण क्रमात चुकले, दिशेत नाही. थांबून म्हणाले, “हे मले पयलेच सुचलं होतं. तुले सांगितलं नाई फक्त.” हा माणूस कधीच सुधारणार नाही, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं.

पुढच्या एका रविवारी त्यांना शिरपूरची भाडोत्री फेरी होती, जैन मंदिराला जाणारी काही मंडळी होती. “चाल बीए, मोकळाच तं हायेस,” म्हणाले. मंडळी दर्शनाला गेली, आम्ही गाड्या लावायच्या जागेत थांबलो. सरांनी चप्पल काढली आणि जिथे उभे होते तिथेच, कुठे तोंड आहे हे न पाहता, मोठा काता सुरू केला. आजूबाजूला अनोळखी भिंती, अनोळखी झाडं. ओठ हलत होते, “क्लीनर... क्लीनर... रिव्हर्स...” शेवटच्या वाराला त्यांनी पोटातून आरोळी दिली तेव्हा पार्किंगमधली कुत्री उठून पळाली. काता जिथे सुरू झाला होता बरोबर तिथेच संपला. आमची मंडळी तोवर परतली होती. त्यातली एक म्हातारी घाबरून मला म्हणाली, “डायवरले झटका आला का रे पोरा? घरी कसं जावं आता?” सर वळून म्हणाले, “आजी, झटका आला नाई, देऊन राह्यलो.” मला तेव्हा हसू आलं, मान्य करतो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. मीही बरोबर होता असं म्हणालो नाही, कारण त्यावर ते काय बोलले असते ते मला माहीत होतं. मान हलवली फक्त.

परीक्षा तीन भागांत होती. काता, कुमिते म्हणजे प्रत्यक्ष झुंज, आणि तोंडी. तोंडीत वारांची जपानी नावं, त्यांचे अर्थ, नियम असं सगळं विचारतात. मी गाडीत बसून त्यांना प्रश्न विचारायला लागलो की ते हॉर्न दाबायचे. “तोंडाची परीक्षा? तोंड तं माह्यं पयलेच ब्लॅक बेल्ट हाय.” मी समजावलं, त्यात नापास झालात तर बेल्ट मिळणार नाही. ते म्हणाले, “काता झाला पायजे. बाकी पोपटाईचं काम.” परीक्षेच्या दिवशी माझा कॉलेजचा पेपर होता, ते एकटेच अकोल्याला गेले. नंतर भेटले तेव्हा मी विचारलं, कशी झाली? “कच्चे हायेत सारे,” ते म्हणाले. “एक परीक्षक तं माह्या पोराच्या वयाचा.” मी म्हणालो, “पण सर, काता कसा झाला?” त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ हाताने पुसली. ती बाहेरून होती, आतून पुसून काय होणार. “पाहू,” म्हणाले. एवढंच. सुधाकर सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात छोटं उत्तर असेल.

ते गेले मानोऱ्याच्या स्टँडवर, दुपारी, गाडी भरायची वाट पाहत, आपल्या सीटवर. मागे बसलेल्या सवाऱ्यांना वाटलं झोप लागली. चुलत भावाने फोनवर मला सांगितलं की गाडी भरल्यावरही लोक बराच वेळ बसून राहिले आणि चिडून ओरडत होते, “चाल ना ओ, आमाले उशीर होऊन राह्यला.” शेवटी एकाने पुढे येऊन हॉर्न वाजवला. ती माणसं कोण होती ते मला माहीत आहे. त्यातले दोघे शोकसभेत बोलले.

शोकसभेनंतर मी होस्टेलवर परत आलो. मुख्याध्यापकांनी मैदानाचं फाटक लावून घेतल्याचं कळलं. मंदाकाकूंनी काळी-पिवळी विकायला काढली. मी रोज सकाळी गच्चीवर काता करतो, सरांचं नाव घेऊन करतो असं मात्र नाही. एकदा करून झाल्यावर घाम पुसत बसलो होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. सरांनी परीक्षेच्या अर्जावर माझा नंबर दिला होता, हे मला तेव्हाच कळलं. त्यांच्या फोनवर दिवसभर सवाऱ्या असायच्या, म्हणून दिला असेल.

“सुधाकर सर बोलताहेत का?”

“नाही... मी त्यांचा विद्यार्थी बोलतो.”

पलीकडचा माणूस घाईत होता. अकोल्याहून संघटनेतर्फे बोलतो म्हणाला, यादी मोठी होती, त्याला पुढेही बरेच फोन करायचे होते. सर गेल्याचं मी सांगणारच होतो, पण तो वाचायला लागला होता. कुमिते, पास. तोंडी, नापास. उत्तरं दिलीच नाहीत त्यांनी, तो म्हणाला. उलट परीक्षकांनाच विचारलं, तुम्ही स्वतः रोज काता करता का म्हणून. “आता असं विचारतात का हो? त्यामुळे बेल्ट काही देता येत नाही.”

“आणि काता?” मी विचारलं.

“काता पास. चांगला केलाय म्हणे, मोठ्या सरांनी मुद्दाम सांगितलंय. म्हणून त्यांना परत सगळी परीक्षा द्यायची गरज नाही. पुढच्या वेळी फक्त तोंडीला या म्हणावं. एवढा निरोप द्या त्यांना.”